घरी बनवलेले स्टिकर: सोलापुरातून वारंवार येणारे प्रश्न

स्टिकर बनवणं अवघड नाही. एप्रिल-मेच्या उन्हात तो रंगासकट जागेवर राहणं अवघड आहे. म्हणून खाली चित्रकलेपेक्षा कागद, शाई, गोंद आणि भिंत यांबद्दल जास्त सांगितलंय. आधी साधे प्रश्न, मग पेचातले. एखादी गोष्ट दुसरीकडे आली असेल तर तिथला क्रमांक दिलाय.

१. आजच सुरुवात करायची आहे. कमीत कमी काय लागेल?

ए-फोर आकाराच्या दहा मॅट स्टिकर शीट (दुकानात 'गम शीट' म्हटलं की कळतं), एक काळा ऑइल पेंट मार्कर, बारा इंची स्टीलची पट्टी आणि पात्याचं टोक मोडून धार नवी करता येणारा कटर. कटिंग मॅट नसेल तर खाली जाड पुठ्ठा घ्या. प्लास्टिकच्या पट्टीवर कापू नका. कटर तिची कड सोलतो आणि पुढचा प्रत्येक काप वाकडा येतो.

चित्र काढा, पूर्ण दिवस वाळू द्या, वरून पारदर्शक पॅकिंग टेप ओढा आणि मगच कापा. आधी कापून नंतर टेप लावली तर ती कडेबाहेर राहते आणि धूळ धरते. एकाच दणक्यात कापायला जाऊ नका, दोन-तीन हलके हात फिरवा. चारही कोपरे गोल करा, कारण उचलला जातो तो नेहमी टोकदार कोपराच.

२. दुकानदार विचारतो, "गम शीट, एनटी, विनाइल का रेडियम?" काय सांगू?

स्टिकर कुठे लागणार आहे त्यावर ठरतं.

गम शीट म्हणजे साधा कागद आणि मागे गोंद. वहीवर, डब्यावर, खोलीच्या दारावर ठीक. बाहेर एक वळीव पडला की संपली. 'मिरर कोट' म्हणजे याचीच चकचकीत जात. छापायला सुंदर, पण हाताने काढायला वाईट, कारण मार्करची शाई आत मुरत नाही आणि बोट लागलं की पसरते.

एनटी हा न फाटणारा, प्लास्टिकसारखा कागद. डिजिटल छपाईच्या मशीनवर छापून मिळतो. पाण्याची बाटली, हेल्मेट, लॅपटॉप यांसाठी पैशाला पैसा फिटणारा पर्याय हाच.

विनाइल म्हणजे मागे गोंद असलेलं प्लास्टिक. ते फ्लेक्सच्या दुकानात मिळतं आणि दर चौरस फुटावर असतो. उन्हापावसात राहायचं असेल तर हेच घ्या. मागितलं नाही तर सगळ्यात स्वस्त प्रकार मिळतो (त्याची खोड प्रश्न १२ मध्ये). खालचं जुनं चित्र दिसू नये असं वाटत असेल तर पांढऱ्याऐवजी राखाडी गोंदाचं विनाइल मागा.

रेडियममध्ये छपाई नसते. रंगीत शीटमधून आकार कापून काढतात, जसं गाडीवरचं नाव. रंग शीटमध्येच असल्याने उन्हात सगळ्यांत जास्त टिकतं ते हेच. एक-दोन रंगांचं, ठसठशीत आकाराचं काम असेल तर छपाईच्या मागे लागूच नका.

३. घरच्या प्रिंटरवर छापता येईल का?

येईल, पण प्रिंटर कोणता ते आधी बघा. इंकजेटची रंगीत शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते. साध्या गम शीटवर छान उमटते आणि ओल्या हाताने पुसली जाते. त्यासाठी 'इंकजेट विनाइल' नावाची वेगळी, शाई शोषणारा थर दिलेली शीट मिळते. साध्या विनाइलवर इंकजेटची शाई दोन दिवसांनीही ओलीच राहते.

लेझर प्रिंटरची पूड पाण्याला दाद देत नाही. मात्र हा प्रिंटर कागद तापवून पूड चिकटवतो. साधं किंवा इंकजेटचं विनाइल आत घातलं तर ते वितळून रोलरला गुंडाळलं जातं आणि दुरुस्तीचा खर्च प्रिंटरच्या किमतीच्या जवळ जातो. पाकिटावर 'लेझर' असं स्पष्ट छापलेलं असेल तरच ती शीट वापरा.

४. दुकानातून छापून घेताना फाइल कशी द्यायची? एका शीटवर किती बसतात?

डिजिटल छपाईच्या शीटवर साधारण १२ × १८ इंच जागा छापायला मिळते. प्रत्येक स्टिकरला ३ × ३ इंचाची चौकट दिली तर २४ बसतात. त्यात स्टिकर ७ सेंटिमीटरचा ठेवा आणि पार्श्वभूमीचा रंग चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर जाऊ द्या, नाहीतर काप थोडा सरकला की पांढरी रेघ दिसते.

७ सेंटिमीटरसाठी चित्र किमान ८३० पिक्सेल रुंद हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दबून जातं; डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्ह न्या. मोबाइलवर झगमगणारा हिरवा आणि निळा कागदावर मळकट येतो, कारण छपाईच्या चार शाईंत तो रंग बसतच नाही. पूर्ण गठ्ठ्याआधी एकच शीट काढून बघा.

कापण्याबद्दल दुकानात 'हाफ कट' म्हणजे वरचा स्टिकर कापून मागचा कागद अखंड ठेवणं. सोलायला सोपं. वाटायचे असतील तर पूर्ण कापून सुटे घ्या.

स्वस्तात हवं असेल तर फ्लेक्सवाल्याला विचारा, विनाइलच्या मोठ्या कामात कडेला पट्टी रिकामी जाते का. कुणाच्या तरी कामाच्या कडेला तुमचे दहा स्टिकर सहज बसतात.

५. घरी बरोबर दिसणारी मराठी अक्षरं दुकानातल्या कॉम्प्युटरवर का मोडतात?

बऱ्याच दुकानांत कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आणि जुने, युनिकोडच्या (आज मोबाइलवर चालते त्या अक्षरपद्धतीच्या) आधीचे मराठी फॉन्ट असतात. तुमचा युनिकोड मजकूर तिथे उघडला की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, रफार भलत्याच डोक्यावर बसतो आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. म्हणून अक्षरांचं चित्र करूनच द्या: मजकूर 'कर्व्ह' करा आणि पीडीएफ बनवा. मोबाइलवरच काम केलं असेल तर ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) पीएनजी फाइल. "तिथे टाइप करून घेऊ" म्हणालात तर छापण्याआधी पडद्यावर एकेक अक्षर वाचा. 'स्वातंत्र्य' आणि 'दुर्ग' हे दोन शब्द नीट दिसले तर बहुतेक बाकीचेही दिसतील.

६. रेडियममध्ये नाव कापून घेतलं, पण लावताना तुकडे सुटतात. युक्ती काय?

देवनागरीत शिरोरेषा सगळं धरून ठेवते. 'सोलापूर' हा शब्द एका तुकड्यात निघतो. 'नंदी' लिहिलंत की अनुस्वाराचा ठिपका वेगळा पडतो आणि सोलताना टाकाऊ भागासोबत निघून जातो. दोन उपाय: ठिपका खाली ओढून शिरोरेषेला चिकटवा, किंवा तो किमान ४ मिलिमीटरचा ठेवा. रेघेची जाडी २ मिलिमीटरच्या खाली नको आणि अक्षराची उंची २ सेंटिमीटरच्या खाली नको, नाहीतर 'व'च्या पोटातला तुकडा सुईनेही निघत नाही.

कन्नड आणि तेलुगूत शिरोरेषा नाही. प्रत्येक अक्षर सुटं, तेलुगूत काही अक्षरांच्या डोक्यावरची छोटी खूणसुद्धा सुटी. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे बरेच आहेत; तिथल्या मित्रासाठी तेलुगू नाव कापत असाल तर ट्रान्सफर टेपला पर्याय नाही. नको असलेला भाग सोलून झाला की अक्षरांवर ही टेप लावा (नसेल तर रंगाऱ्यांची रुंद मास्किंग टेप), जुन्या एटीएम कार्डाने दाबा आणि मागचा कागद जवळजवळ उलटा दुमडत ओढा. एखादं अक्षर कागदाबरोबर जायला लागलं तर थांबा, परत दाबा. मग जागेवर टेकवून पुन्हा कार्ड फिरवा आणि टेप भिंतीला समांतर ठेवून हळू काढा. सरळ समोर ओढली की अक्षरंही समोर येतात.

७. मार्करचे रंग दोन महिन्यांत उडाले. कोणता मार्कर घ्यावा?

साध्या परमनंट मार्करमधल्या रंगीत शाईचा रंग विरघळलेला असतो. 'परमनंट' हे पाण्यापुरतं. ऊन तो मोडतं. जांभळा, गुलाबी आणि लाल आधी जातात. पेंट मार्करमध्ये रंगाचे कण असतात, ते बरेच जास्त टिकतात. वापरण्याआधी बंद ठेवून हलवा, टोक रद्दीवर दाबून रंग उतरवा. ऑइलचा असेल तर वर काही चिकटवण्याआधी पूर्ण दिवस द्या. छपाईतही हेच: पिवळा आणि मजेंटा आधी फिके पडतात, निळा आणि काळा मागे राहतात, म्हणून जुन्या पोस्टरवरचे चेहरे निळसर दिसतात.

खात्री हवी असेल तर एका शीटवर घरातल्या प्रत्येक मार्करची रेघ ओढा, अर्धा भाग अ‍ॅल्युमिनियम फॉइलने झाका आणि पंधरा दिवस गच्चीवर ठेवा. मे महिन्यातली गच्ची कुठल्याही पाकिटावरच्या दाव्यापेक्षा खरं सांगते.

८. वरून लॅमिनेशन करावंच लागतं का? सेलोटेप चालते का?

घरात लागत नाही. बाहेर लावायचा कागदी किंवा छापील स्टिकर असेल तर करा. फ्लेक्सच्या दुकानात 'कोल्ड लॅमिनेशन' मागा. ओळखपत्रासाठीचा गरम पाउच कामाचा नाही. त्यात स्टिकर दोन्हीकडून बंद होतो, मग मागचा कागद सोलणार कसा? दुकानात छापलेलं विनाइल लॅमिनेट करण्याआधी चोवीस तास उघडं ठेवा. शाईतलं सॉल्व्हंट (शाई पातळ ठेवणारा द्रव) उडालं नाही तर ते आत कोंडून गोंद मऊ करतं.

पॅकिंग टेप चालते, पण उन्हात पिवळी पडते आणि काही महिन्यांनी तडकते. सरावासाठी ठीक.

९. घरी स्क्रीन प्रिंटिंग जमेल का?

जमेल, आणि एका रंगाचे शंभरच्या वर स्टिकर हवे असतील तर तेच परवडतं. लाकडी चौकट, सेंटिमीटरला १०० ते १२० धाग्यांची जाळी, इमल्शन (उजेड लागेल तिथे कडक होणारा आणि बाकी ठिकाणी धुऊन निघणारा लेप) आणि शाई ओढायला रबरी पट्टीचा स्क्वीजी एवढं सामान. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून चित्र उतरवलेली तयार स्क्रीनही करून मिळते. पहिल्यांदा तशीच घ्या.

सोलापुरात दोन अडचणी खास. पहिली पाणी. इमल्शन धुवायला भरपूर लागतं आणि नळ रोज येत नाही. दोन बादल्या बाजूला काढल्याशिवाय स्क्रीन उन्हात उघडू नका. अर्धवट धुतलेली स्क्रीन वाळली की पुन्हा निघत नाही. दुसरी कोरडी उष्णता. इमल्शन लावलेली स्क्रीन ४० अंशांच्या वर वाळवली तर उजेड न लागताच कडक होते, म्हणून उन्हाळ्यात ती पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. पाण्याची शाई जाळीतच वाळते. सकाळी लवकर छापा, पंखा बंद ठेवा आणि प्रत्येक छापानंतर न दाबता शाईचा एक हात जाळीवरून परत फिरवून ठेवा.

उन्हात किती वेळ ठेवायची हे स्क्रीनवरच ठरवा: पुठ्ठ्याने झाका, दर दहा सेकंदांनी थोडा सरकवा, धुतल्यावर ज्या पट्ट्यात बारीक रेघा उघडल्या आणि कडा घट्ट राहिल्या तोच तुमचा वेळ.

१०. स्टिकर लागतच नाही, दुसऱ्या दिवशी कडा उचलतात. गोंद खराब आहे का?

गोंद क्वचितच खराब असतो. भिंतीवर हात फिरवा. हाताला पांढरं लागलं तर तिथे जगातला कुठलाही स्टिकर राहणार नाही. तो चुन्याला किंवा डिस्टेंपरच्या पुडीला चिकटतो आणि पुडी सुटली की तिच्यासकट खाली येतो. खरखरीत सिमेंट, गंजलेलं लोखंड, वंगण लागलेलं शटर आणि प्लास्टिकची पाण्याची टाकी याही वाया जाणाऱ्या जागा. काच, टाइल्स, रंगवलेला गुळगुळीत पत्रा या उत्तम.

आधी कोरड्या फडक्याने धूळ काढा, मग मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) फडक्यावर घेऊन पुसा आणि उडू द्या. ओल्या फडक्याने नुसतं पुसलं तर धुळीचा चिखल होऊन तोच थर राहतो. मधून कडेकडे दाबा. पूर्ण पकड यायला चोवीस तास लागतात, तोवर नखाने तपासू नका.

११. फुगे येतात.

दुपारी तापलेल्या पत्र्यावर लावलं की येतात: गोंद टेकताच घट्ट धरतो, हवा निघायला वाट राहत नाही. पृष्ठभागावर तळहात आरामात ठेवता आला पाहिजे, म्हणजे सकाळी किंवा दिवेलागणीला. एका कडेने लावत जा. राहिलेला फुगा सुईने टोचून दाबा. मोठ्या विनाइलखाली भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकलेलं पाणी फवारलं तर ते सरकवता येतं. कागदी स्टिकरला हा प्रयोग करू नका.

१२. सहा महिन्यांनी स्टिकरभोवती काळी चिकट रेघ दिसते. ती कशाची?

विनाइल आक्रसलं आणि गोंद मागे उरला; त्यावर धूळ बसली. स्वस्त विनाइल लाटून, ताणून बनवलेलं असतं आणि उष्णतेने ते मूळ आकाराकडे परत जातं. 'पॉलिमेरिक' विनाइल कमी आक्रसतं, 'कास्ट' सर्वांत कमी. गाडीच्या टाकीच्या गोलाईवर लावायचं असेल तर कास्टच घ्या.

१३. कागदी चित्र मोठं आहे, गोंदवाली शीट परवडत नाही. खळ कशी करायची?

एक वाटी मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. चार वाट्या पाणी उकळा, आच मंद करा, कालवण धारेने सोडत ढवळा. पाच मिनिटांत ती पारदर्शक आणि चकचकीत होते. पांढरट राहिली तर कच्ची आहे, धरणार नाही. गार करून कागदाच्या मागे, भिंतीवर आणि चिकटवल्यावर वरून असे तीन हात द्या. पातळ कागद घ्या. जाड कागद वाळताना ताणतो आणि सुटतो.

चिंचोक्याची खळ याहून चिवट. घोंगडीच्या सुताला देतात तीच. पूड एक वाटी, पाणी दहा वाट्यांच्या आसपास, आणि शिजायला जास्त वेळ. दोन्ही खळी उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतात, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतात. टिकण्यासाठी मोरचूद घालायचा सल्ला मिळेल, घालू नका. ते विषारी आहे, आणि खळ लावलेले कागद शेळ्या-गाई आवडीने ओढून खातात.

१४. परदेशातले कलाकार टपालाच्या लेबलवर काढतात. आपल्याकडे ते मिळतं का?

ते अमेरिकी टपाल खात्याचं 'लेबल २२८'. तिथे फुकट मिळतं म्हणून रूढ झालं, पण ते टपालासाठीच असतं, इतर वापराला परवानगी नाही. आपल्याकडे ए-फोर लेबल शीट घ्या. चार लेबलांच्या शीटवर प्रत्येक साधारण ९९ × १३९ मिलिमीटरचं मिळतं, हाताने काढायला ऐसपैस.

१५. ओढला की बारीक तुकडे होणारे स्टिकर कसे बनवतात?

घरी बनत नाहीत. 'वॉरंटी'च्या सीलसाठी वापरतात ती ठिसूळ शीट असते. दुसऱ्याच्या भिंतीवर ती लावू नका: काढणाऱ्याला पट्टीने खरवडत बसावं लागतं, आणि तुम्हाला पुन्हा तिथे कुणी परवानगी देणार नाही.

१६. रस्त्यावर लावणं कायदेशीर आहे का?

परवानगीशिवाय नाही. महाराष्ट्र मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करण्याबाबतचा अधिनियम, १९९५ यानुसार तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शब्द किंवा चित्र असलेला साधा कागदही यात येतो. तो कसलीही विक्री करत नसला तरी. विजेचा खांब, डीपी, सिग्नल, रस्त्याच्या पाट्या आणि झाडं सोडाच. भुईकोट किल्ला केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. तिथे १९५८ चा वेगळा कायदा लागतो आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी आहे.

मग लावायचं कुठे? स्वतःची गाडी (नंबर प्लेट सोडून), हेल्मेट, सायकल, गिटारची पेटी, मालकाने हो म्हटलेल्या चहाच्या टपरीचा फ्रिज, कॉलेजचा फलक. प्लायवुडचा एक तुकडा रंगवून एखाद्या कॅफेत टांगा आणि सगळ्यांना त्यावर लावू द्या. महिन्याभरात तो बघण्यासारखा होतो.

१७. दुकानदाराने तोंडी "लाव" म्हटलं. पुरे का?

आधी तो मालक की भाडेकरू ते विचारा. नव्या पेठेत, चाटी गल्लीत बरीच दुकानं भाड्याची आहेत. शटर भाडेकरूच्या ताब्यात असलं तरी भिंत घरमालकाची. मालकाकडून दोन ओळींचं लेखी घ्या: जागा, आकार, तारीख, सही. आणि रस्त्यावरून दिसणारी खासगी भिंत, कुंपणही वरच्या कायद्यात येतं. म्हणून आतल्या बाजूचं छोटं काम मालकाच्या होकारावर चालून जाईल, पण रस्त्याकडे तोंड असलेल्या कामासाठी महापालिकेची लेखी परवानगी आधी घ्या.

१८. देवाचं, महापुरुषाचं किंवा नटाचं चित्र चालेल का?

देव आणि महापुरुष नको. भक्तीचा प्रश्न नाही, गोंदाचा आहे: स्टिकर कधीतरी सुटतो, गटारात किंवा पायाखाली जातो, आणि मग कुणाच्या हाताने बनला याची चौकशी होते. सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तर अजिबात नको. नटाचा फोटो किंवा कार्टून स्वतःच्या वहीवर लावणं वेगळं. ते छापून विकायला लागलात की हक्काचा प्रश्न येतो. चादरीवरची नक्षी, गिरणीची चिमणी, गिरणीचा भोंगा, कडक भाकरी, शेंगा चटणी: काढायला गावात विषय खूप आहेत.

१९. मुलगा नववीत आहे, दिवसभर हेच करतो. करू द्यावं का?

करू द्या. कटर तुमच्या समोर वापरू द्या आणि पट्टी धरणाऱ्या हाताची बोटं कडेपासून मागे आहेत ना ते बघा. जखम तिथेच होते. ऑइल मार्कर आणि आयपीए खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब. प्रश्न १६ त्याला स्वतः वाचायला लावा.

२०. लावलेला काढायचा कसा?

हेअर ड्रायरने कोमट करा आणि एका कोपऱ्यातून, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, हळू ओढा. कागदी असेल तर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा. उरलेल्या गोंदावर खोबरेल किंवा नीलगिरी तेल चोळा, पाच मिनिटांनी पुसा, मग साबणपाणी. थिनर काचेवर ठीक. गाडीच्या रंगावर किंवा प्लास्टिकवर लावला तर स्टिकरआधी रंग निघतो.

२१. उरलेले तुकडे आणि मागचा कागद कुठे टाकायचा?

मागच्या कागदावर सिलिकॉनचा थर असतो, रद्दीवाला घेत नाही. सुका कचरा. विनाइल जाळू नका, ते पीव्हीसी आहे आणि धूर विषारी असतो. कागदाचा मोठा चौकोन उरला तर ठेवून द्या: एकमेकांना चिकटलेले सुटे स्टिकर त्यावर परत लावून ठेवता येतात.